पांढरी तीनमधला हेलकावा

परवा सप्ताहाच्या मंडपात काकडा संपल्यावर एकाने मोबाइल पुढे केला. '४३२ हर्ट्झ म्हणजे ब्रह्मांडाची कंपनं, ४४०मुळे माणसं चिडखोर होतात,' असा मेसेज. (४४० हा वाद्यं जुळवायचा आजचा रूढ आकडा.) मी म्हटलं, बाबा, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं ते, आणि सेकंद ठरवला माणसाने. दिवसाचे चोवीसऐवजी वीस तास केले असते तर तुझा ४३२ कुठे गेला असता? शिवाय आपल्याकडे सा एका जागी खिळलेला नसतोच. बुवांचा गळा बसेल तो सा. एकट्या आकड्यात काही नाही. दोन आकड्यांच्या नात्यात मात्र फार मजा आहे.

तार छेडली की एकच स्वर निघत नाही. हिशेबाला सोपं म्हणून सा २४० हर्ट्झचा धरू. त्याच तारेतून ४८०, ७२०, ९६०, १२०० अशी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही येत असतात. आता गवयाने ३०० हर्ट्झचा गंधार लावला. त्याची चौपट १२००. साची पाचपटही १२००. दोघे तिथे एकमेकांत विरघळतात, आणि आपण म्हणतो, 'गंधार लागला.'

पेटीत तो असा लागत नाही. पेटीने सप्तकाचे बारा सारखे भाग केलेत. दर पट्टीला कंपनं १.०५९५ पट होतात. चार पट्ट्या चढलं की गंधार ३०२.४ वर येतो. सव्वादोन-अडीच हर्ट्झचा फरक किरकोळ वाटेल, पण त्याची चौपट करा: सुमारे १२०९.५. साच्या १२००शी ती जुळत नाही, मग दोन्ही लहरी एकदा एकमेकींना साथ देतात, एकदा काटतात. आवाज सेकंदाला साडेनऊ वेळा फुगतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात; मी हेलकावा म्हणतो. पंचमाला हाच हिशेब लावा: हवा ३६०, पेटीत ३५९.६, हेलकावा सेकंदाला एकसुद्धा नाही. म्हणून पेटीवर सा-प गोड आणि सा-ग थरथरता. शेजारी तंबोरा असेल तर पेटीची चोरी लगेच पकडली जाते, कारण जवारीमुळे, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या वक्र घडणीमुळे, तंबोऱ्याच्या तारेतून ही वरची कंपनं ठळक होतात आणि साची तार स्वतःच गंधार सांगत राहते. तार अमुक जागी छेडली तर अमुक पट उमटायला नको, हा नियम तंबोऱ्याची वक्र घोडी मोडते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली मांडलं होतं.

कानाने मोजण्याची ही विद्या आपल्या दाराशीच लिहिली गेली. देवगिरीच्या यादवांकडे, सिंघणाच्या दरबारात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घ्या, एक अचल ठेवा, दुसरी श्रुती-श्रुतीने (श्रुती म्हणजे सप्तकातलं बारीक स्वरांतर) उतरवा आणि कोणता स्वर कुठे जाऊन मिळतो ते ऐका, असा प्रयोग त्यात आहे. श्रुती बावीसच का, तर हृदयाला बावीस नाड्या जोडलेल्या आहेत म्हणून, असंही तो सांगतो. नाड्यांचं सोडून द्या. शरीर फाडून पाहिलं तर त्या सापडत नाहीत. वीणांचा प्रयोग मात्र आजही करून बघता येतो. आपले लोक नेमकं उलटं करतात: नाड्या फॉरवर्ड, वीणा धूळ खात.

मी माझ्या सिंगल रीडच्या, म्हणजे दर पट्टीला एकच जीभ असलेल्या, जुन्या पेटीवर हात चालवला. पितळी जीभ टोकाला घासली तर स्वर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. पांढरी एकला (पहिल्या पांढऱ्या पट्टीला) सा धरून तिचा गंधार, म्हणजे पांढरी तीनची जीभ, बुडाशी घासली. पाच-सहा हात, पुन्हा बसवायची, भाता, कान. हेलकावे दहाचे पाच झाले, मग दोन, मग एक लांबलचक श्वास, मग स्थिर. अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी एक मावशी पांढरी सहातून गायला बसल्या. त्यांच्यासाठी पांढरी तीन म्हणजे पंचम! सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांचा पंचम. मावशींनी नुसतं बघितलं. एकाचा गंधार खरा केला की दुसऱ्याचा पंचम बिघडतो, पेटीची ही जुनी अडचण.

पेटी बिघडलीच होती, म्हणून काळी पाचही, म्हणजे त्याच साचा कोमल निषाद, घासली. साच्या सातपटीकडे (१६८०) आपण सहसा लक्ष देत नाही. तिच्याशी जुळणारा निषाद ४२०चा. आपल्या ओळखीच्या कोमल निषादाच्या जागा ४२७ आणि ४३२च्या आसपास (हो, तोच ४३२, अगदी योगायोगाने), म्हणजे हा बराच उतरलेला. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाने १६९१ साली सप्तकाच्या ३१ सारख्या भागांवर लिहिलं. त्यात दहाव्या पायरीवर गंधार ३००.१ आणि पंचविसाव्यावर निषाद ४१९.७ येतो, किंमत पंचम मोजतो: ३५८.९. १९५० साली तिथल्याच हार्लेम गावी अशा ३१ स्वरांचा ऑर्गनही उभा राहिला.

मग चारही पट्ट्या एकदम दाबल्या. २४०, ३००, ३६०, ४२०: प्रत्येकीतलं अंतर ६०. कान या चौघांना ६०च्याच पटी समजतो आणि साच्या दोन सप्तकं खाली एक घुमारा ऐकतो, जो पेटीत कुठेच नाही. कोमल निषादाची हुरहुर त्यात नव्हती, शुद्धाची ओढही नव्हती. चार स्वर मिळून एकच जाड, निश्चल आवाज. पेटीवाल्यालाही ऐकवला. त्याने भाता सोडून काळी पाचची जीभ काढली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "सर, आता ही पेटी तुमचीच. दुसऱ्या कुणाला विकता यायची नाही."