काल्पनिक अवकाशयानांच्या पृष्ठभागाची घडण

तयार संचावर विसंबून न राहता स्टायरीन या प्लास्टिकचे पत्रे, प्लास्टिकच्या नळ्या आणि इतर किटमधले (घरी जोडायच्या प्रतिकृतींच्या संचांमधले) सुटे भाग जोडून काल्पनिक अवकाशयान घडवण्याची जी पद्धत आज हौशी मंडळी वापरतात, ती चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या कार्यशाळांतून आलेली आहे. या पद्धतीचा खरा प्रश्न पृष्ठभागाचा आहे, असे मला वाटते.

‘स्टार ट्रेक’ या मालिकेसाठी १९६४ साली अमेरिकेत बांधलेले एंटरप्राइझ या अवकाशयानाचे मोठे मॉडेल सुमारे ११ फूट लांब होते आणि दिसायला देखणेही होते, पण त्याचे अंग बहुतांशी गुळगुळीत होते. गुळगुळीत अंगावर नजरेला मोजमापाचा आधार मिळत नाही, त्यामुळे कॅमेरा जवळ गेला की यानाचा भव्यपणा ओसरतो.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘थंडरबर्ड्स’ या मालिकेसाठी विशेष दृश्यपरिणाम सांभाळणारे डेरेक मेडिंग्ज आणि त्यांचे सहकारी बाजारात मिळणाऱ्या किटमधले भाग यानांवर चिकटवत आणि वरून मुद्दाम मळकट रंगकाम करत. त्यांच्यापैकी ब्रायन जॉन्सन पुढे १९६८ साली प्रदर्शित झालेल्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाच्या कामात होते. त्यातल्या डिस्कव्हरी यानाचे मोठे मॉडेल तब्बल ५४ फुटांचे होते. जवळचा आणि दूरचा भाग एकाच वेळी स्पष्ट दिसावा म्हणून भिंगाचे छिद्र अगदी लहान ठेवून फिल्मची प्रत्येक चौकट (फ्रेम) दीर्घकाळ प्रकाशात उघडी ठेवली जाई, आणि इतक्या स्पष्ट चित्रणात बारकाव्यांतली कोणतीही उणीव लपणे शक्य नव्हते. म्हणून यानाच्या कण्यावर किटमधले असंख्य भाग बसवले गेले. आजच्या कारागिरीची पायाभरणी मी इथे मानतो.

पुढे ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटासाठी १९७५ साली कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथे सुरू झालेल्या कार्यशाळेत हे तंत्र सर्रास वापरले गेले. रणगाडे, तोफा आणि मोटारींच्या किटमधले भाग तिथल्या यानांवर बसले. हासेगावा कंपनीच्या लिओपोल्ड या जर्मन रेल्वे तोफेचे तुकडे तर जाणकार आजही अचूक ओळखतात. सुरुवातीच्या दृश्यात पडदाभर पसरणारे स्टार डिस्ट्रॉयर या युद्धयानाचे मॉडेल प्रत्यक्षात जेमतेम ३ फुटांचे होते आणि त्याच्यापुढे पळणाऱ्या छोट्या जहाजाचे मुख्य मॉडेल त्याहून मोठे होते. बारीक तपशिलाने डोळ्याला किती फसवता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मूळ भाग बाजारातलेच असल्यामुळे छायाचित्रे न्याहाळून कोणता तुकडा कोणत्या किटमधला, हे शोधणे हा हौशी मंडळींच्या कामाचाच एक भाग बनला. जुने संच दुर्मीळ आणि महाग झाल्यावर एकच भाग मिळवून सिलिकॉनच्या साच्यात त्याच्या रेझिनच्या (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवरूप प्लास्टिकच्या) प्रती ओतल्या जाऊ लागल्या, आणि अलीकडे त्रिमितीय मुद्रणाचीही त्यात भर पडली आहे.