नागरी समूहन-लाभ : पुणे प्रदेश

कारखाने, कुशल कामगार, पुरवठादार आणि ज्ञानसंस्था एकाच नागरी प्रदेशात एकमेकांजवळ आल्यामुळे जी उत्पादकता वाढते, तिला समूहन-लाभ म्हणतात. कारखान्याने आपला आकार वाढवून मिळवलेल्या बचतीहून ही बचत वेगळी असते. ती त्याच्या कुंपणाबाहेर, शेजारात निर्माण होते आणि म्हणून अर्थशास्त्रात तिची गणना बाह्य बचतींमध्ये होते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये तिची तीन कारणे मांडली : कुशल कामगारांची सहज उपलब्धता, पूरक धंद्यांची सोबत आणि एकाचे कसब शेजाऱ्यापर्यंत आपोआप पोचणे. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्ज यांनी १९६९ मध्ये या विचाराला वेगळे वळण दिले. त्यांच्या मते नवी कामे बहुधा अनेकविध धंदे शेजारी नांदतात अशा शहरांत जन्म घेतात.

पुण्यात ही प्रक्रिया बाजारपेठेच्या जोरावर आपसूक घडली, असे म्हणणे अपुरे ठरेल. अभियांत्रिकी शिक्षण येथे १८५४ पासून होते, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये आणि पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १९६२ मध्ये झाली आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी परिसरात आखीव भूखंड, रस्ते, वीज व पाणी एकत्र मिळू लागले. मुंबईचे बंदर व बाजारपेठ जवळ, तरी जागा तिथल्यापेक्षा स्वस्त, ही सोय मोठी होती. आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को (आजची टाटा मोटर्स) उभी राहत असतानाच, १९६६ मध्ये, वाहनांच्या संशोधन व चाचणीसाठी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यात स्थापन झाली.

समूहनाचे खरे काम मात्र लहान शेडमध्ये दिसते. वाहनाचा प्रत्येक सुटा भाग मोठ्या कारखान्याने स्वतः बनवणे परवडत नाही. कास्टिंग, फोर्जिंग, यंत्रण, उष्णतोपचार, प्लेटिंग ही कामे वेगवेगळ्या लघुउद्योगांकडे जॉबवर्कने, म्हणजे ठरावीक मजुरीवर, जातात. डाय (भागाला आकार देणारा साचा) बिघडली तर टूलरूमचा, म्हणजे साचे व हत्यारे बनवणाऱ्या शेडचा, माणूस त्याच दिवशी येऊन पाहू शकतो आणि नमुन्यातील चूक फोनवर समजावण्याऐवजी यंत्रापाशी उभे राहून दाखवता येते. कारखान्यात अनुभव घेतलेला टर्नर किंवा टूलमेकर पुढे स्वतःचे लेथ टाकतो, आणि जुना मालकच त्याचा पहिला ग्राहक ठरू शकतो. सूक्ष्म मापांची ही जाण पुस्तकातून येत नाही, हातातून हातात जाते. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये पुण्यात मोटारींची जुळणी सुरू केली, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये आला. अशा कंपन्यांना पुरवठादारांचे हे जाळे आयतेच मिळाले.

जेकब्ज यांच्या मुद्द्याला सीरम इन्स्टिट्यूटचे उदाहरण नेमके लागू पडते. पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील घोडे, त्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार करण्यासाठी, मुंबईच्या हाफकीन संस्थेला दिले जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये स्वतःची संस्था काढली. शर्यतीच्या घोड्यांच्या धंद्यातून लसनिर्मितीकडे जाणारी ही वाट एकजिनसी औद्योगिक गावात सापडली असती, याची शक्यता कमीच. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक याच शहरात सादर केला.

समूहनाची किंमतही असते, आणि ती लाभाच्या प्रमाणात वाटली जात नाही. जमिनीची भाववाढ मालकाला संपन्न करते, पण कंत्राटी कामगाराला कामाच्या ठिकाणापासून दूर ढकलते. मुळा, मुठा आणि पवना या नद्या सांडपाण्याचा भार वाहतात. रहदारीत गेलेला वेळ तर समूहनाचा मूळ फायदाच, म्हणजे जवळीक, खाऊन टाकतो.

२०११ च्या जनगणनेत पुणे नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ५०.५ लाख होती. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका, कटक मंडळे (कॅन्टोन्मेंट) आणि भोवतालच्या ग्रामपंचायती अशी कारभाराची विभागणी आहे. हिंजवडीचे आयटी संकुल उभे राहिले तेव्हा ते गाव कोणत्याच महापालिकेच्या हद्दीत नव्हते. एकत्रित नियोजनासाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. तोपर्यंत चाकण, हिंजवडी आणि हडपसरकडे रोज ये-जा करणाऱ्या कामगारांनी हा सारा प्रदेश प्रत्यक्षात एकच श्रमबाजार करून टाकला होता.