टाचेची भेग आणि तिच्याखालची त्वचा

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसे उन्हाळ्यात गावी परततात, तेव्हा त्यांच्या तळहातांवर घट्टे पडलेले असतात आणि टाचांना भेगा. कोयत्याची मूठ पाच-सहा महिने घासल्यावर तळहात खरे तर झिजून पातळ व्हायला हवा, पण तो उलट जाड होतो. चपलेचा तळ झिजतो, तळपाय झिजत नाही, कारण त्वचा खालून सतत नव्याने भरत असते.

ही भरती होते ती बाह्यत्वचेत. पापणीवर हा थर जेमतेम ०.०५ मिलिमीटर जाडीचा असतो, तर तळपायावर सुमारे १.५ मिलिमीटर. त्यातील दहापैकी नऊ पेशी केराटिन नावाचे चिवट प्रथिन तयार करणाऱ्या असतात. केस आणि नखेही याच प्रथिनाची बनलेली आहेत. सर्वांत खालच्या ओळीतील पेशी विभागतात, नव्या पेशी वर सरकत जातात, वाटेत केराटिनने भरतात, आपले केंद्रक गमावतात आणि पृष्ठभागाशी पोचेपर्यंत मरून चपट्या खपल्या होतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे किंवा थोडे अधिक लागतात. म्हणजे माणसाला आपण पाहतो, तेव्हा डोळ्यांना दिसतो तो मृत पेशींचा थर. एकाच जागी वारंवार दाब आणि घर्षण झाले की तळच्या पेशी अधिक वेगाने विभागू लागतात, वरचा मृत थर साचत जातो आणि घट्टा तयार होतो.

त्याच तळच्या ओळीत अधूनमधून रंगपेशी बसलेल्या असतात. झाडासारख्या फांद्या फुटलेली अशी एक पेशी आसपासच्या तीसेक केराटिन पेशींना मेलॅनिनचे कण पुरवते आणि त्या पेशी हे कण आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात, जेणेकरून उन्हातील अतिनील किरणांपासून आतील जनुकीय द्रव्य वाचावे. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो कणांचा आकार, प्रकार आणि वाटप यांमुळे. तुरीच्या रानात दिवसभर राबून माणूस रापतो, तेव्हा याच पेशींनी काम वाढवलेले असते. त्या नष्ट झाल्या की पांढरे कोड दिसते. आपल्याकडे अजूनही कोड आणि कुष्ठरोग यांची गल्लत केली जाते, म्हणून येथे स्पष्टच लिहितो: कोड जंतूंमुळे होत नाही, ते कोणाला लागत नाही आणि त्या डागावर स्पर्श नीट कळतो. कुष्ठरोगाच्या डागाची संवेदना मात्र बहुधा कमी होते, कारण ते जंतू चेतातंतूंवर हल्ला करतात.

पॉल लँगरहान्स या बर्लिनमधील वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८६८ मध्ये सोन्याच्या क्षाराने त्वचा रंगवली आणि त्याला आणखी एक फांद्यांची पेशी दिसली. ती चेतापेशी असावी असे त्याला वाटले. प्रत्यक्षात ती राखणदार निघाली: शिरलेल्या जंतूचा अंश पकडून ती लसिकाग्रंथीपर्यंत नेते आणि तेथील संरक्षक पेशींना दाखवते. हे समजायला मात्र शंभरावर वर्षे गेली. हलका स्पर्श टिपणाऱ्या मर्केल पेशी बोटांच्या टोकांवर दाट असतात. कापूस वेचताना बोंडाची टोचरी कडा बोटाला कळते, त्यात त्यांचाही वाटा असतो.

खालची अंतःत्वचा अगदी वेगळी आहे. तिच्यात पेशी विरळ आणि धागे दाट असतात: ताणाला टिकणारे कोलॅजन, ताणून पुन्हा पूर्ववत होणारे इलॅस्टिन आणि हे दोन्ही तयार करणाऱ्या तंतुपेशी. चामडे कमावताना केस आणि बाह्यत्वचा काढून टाकतात. आपण पायात घालतो ती जनावराची अंतःत्वचाच. रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि घर्मग्रंथींची वेटोळी येथेच असतात. अंगभर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्यांच्याच घामाच्या बाष्पीभवनावर शरीराचे तापमान सांभाळले जाते. त्याखाली चरबीचा थर येतो.

तळपायाला घाम भरपूर येतो, पण तेथे तैलग्रंथी मुळीच नसतात. त्यामुळे जाड झालेली टाच कोरड्या हवेत आपली लवचीकता गमावते आणि अंगाच्या भाराखाली तडकते. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसल्याने वरवरची भेग नुसती दिसते. तिच्यातून रक्त आले, तर ती अंतःत्वचेपर्यंत उतरली आहे असे समजावे.