बाळंतपणाचे तीस शिलिंग: पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये ते कोणाला आणि कसे मिळत?

१९११च्या राष्ट्रीय विमा कायद्यामुळे जानेवारी १९१३पासून इंग्लंडमधल्या विमाधारक कामगाराच्या घरी बाळंतपण झालं की ३० शिलिंग, म्हणजे दीड पौंड, मिळू लागले. विमाधारक ज्या मान्यताप्राप्त सोसायटीचा, म्हणजे सरकारी मान्यतेने विम्याचे लाभ वाटणाऱ्या संस्थेचा, सभासद असे, तिच्याकडेच मागणी करायची.

पात्रतेचे दोन रस्ते होते: नवरा विमाधारक असणं किंवा बाई स्वतः विमाधारक असणं. स्वतः विमाधारक असलेल्या बाईचं लग्न झालेलं नसलं तरी लाभ मिळे, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. अंगमेहनतीच्या नोकरीत विमा सक्तीचा होता. कारकुनासारख्यांना वर्षाला १६० पौंड कमाईपर्यंत. पुरुषाच्या पगारातून आठवड्याला ४ पेन्स कापले जात, मालक ३ घाली. निदान २६ आठवड्यांची वर्गणी भरलेली हवी, आपणहून विमा घेतला असेल तर ५२. स्वतःच्या हिमतीवर पोट भरणाऱ्या फेरीवाल्याने विमा घेतलाच नसेल आणि बायकोही विमाधारक नसेल, तर तिच्या हाती काहीच पडत नसे. २८ आठवडे उलटल्यावर बाळ मृत जन्मलं तरी मात्र लाभ देय होता.

मुख्य कागद म्हणजे विम्याचं कार्ड. मालक दर आठवड्याला त्यावर तिकीट चिकटवी, आणि वर्गणी भरल्याचा पुरावा तोच. जोडीला बाळंतपण झाल्याचा दाखला लागे. डॉक्टर बोलवायचा की नोंदणीकृत सुईण, हे कायद्याने बाईनेच ठरवायचं होतं. फी मात्र विम्यातून वेगळी मिळत नसे, ती याच ३० शिलिंगांतून जाई. शेजारची अनुभवी पण नोंदणी नसलेली बाई डॉक्टरच्या देखरेखीशिवाय पैसे घेऊन नेमाने बाळंतपणं करू लागली, तर एप्रिल १९१०पासून तो गुन्हा होता.

जन्माची खबर देणं हे काम निराळं. १९०७च्या कायद्याने ती ३६ तासांच्या आत स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला लेखी द्यायची होती. बाप त्याच घरात राहत असेल तर त्याने, आणि बाळंतपणाला किंवा त्यानंतरच्या सहा तासांत हजर असलेल्या माणसाने. त्यासाठी पत्ता छापलेली, तिकीट लावलेली पोस्टकार्डं नगरपालिका डॉक्टरांना आणि सुइणींना फुकट देई. कार्ड पोचलं की हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्यसेविका, बाळाला पाहायला दारात येऊ शके. सुरुवातीला हा कायदा लागू करणं नगरपालिकेच्या मर्जीवर होतं, १९१५ला तो सगळीकडे लागू झाला. शिवाय ४२ दिवसांच्या आत निबंधकाकडे रीतसर जन्मनोंदणी करावी लागे, ती वेगळीच.

आता सहीचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. मूळ कायद्यात नवऱ्याच्या विम्यावरचा लाभ नवऱ्याचाच मानला होता. कळा सोसायच्या तिने आणि पैसे हातात पडायचे त्याच्या! मार्गारेट लेवेलिन डेव्हिस यांच्या नेतृत्वाखालच्या विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्डने, म्हणजे सहकारी चळवळीतल्या स्त्रियांच्या संघटनेने, याविरुद्ध चळवळ केली. १९१३च्या दुरुस्तीने लाभ आईचा ठरला. पावतीवर सही तिची, किंवा तिने अधिकार दिला असेल तरच नवऱ्याची.

त्याच दुरुस्तीने नोकरी करणाऱ्या विवाहितेला आणखी एक सोय दिली. नवराही विमाधारक आणि ती स्वतःही, तर तिच्या विम्यावर आणखी ३० शिलिंग. अट एवढीच, की बाळंतपणानंतर चार आठवडे तिने कमाईचं काम करायचं नाही.