गळती थांबली, हे ठरवायचं कसं?

अणुभट्टीतून किरणोत्सर्गी पदार्थ बाहेर पडतायत हे कळणं त्यामानाने सोपं, पण ते थांबलं असं कधी म्हणायचं हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण दारं-खिडक्या लावून घरात बसलेल्या माणसांना बाहेर कधी सोडायचं ते त्यावरच ठरतं.

१५ मार्च २०११ चं जपानमधलं फुकुशिमा घ्या, तिथल्या अणुभट्ट्यांना अपघात झाला होता. वारा वायव्येच्या दिशेने वाहायला लागला, संध्याकाळी पाऊस आणि मग बर्फ पडला, आणि जवळच्या ईताते गावात किरणोत्सर्ग मोजणारा मीटर गेला तासाला ४४.७ मायक्रोसीव्हर्टवर (हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं एकक). किरणोत्सर्गी कणांचा ढग पुढे सरकला तरी रीडिंग काही पूर्वीसारखं होईना, कारण भट्टीतून आलेलं किरणोत्सर्गी सीझियम छपरांवर, झाडांवर, मातीत बसलं होतं. मिरवणूक निघून गेली तरी रस्ता गुलालाने लालच असतो ना, तसंच हे. नुसता रस्ता बघून गुलाल अजून उधळतायत का ते कसं सांगणार?

म्हणून हवा वेगळी तपासतात. पंप हवा ओढतो, ती फिल्टरच्या कागदातून जाते, ठरावीक वेळाने कागद काढून डिटेक्टरखाली ठेवतात आणि नवीन लावतात. बाहेरचा मीटर चढलेला, पण ताजा कागद स्वच्छ, म्हणजे इथल्या हवेत आत्ता काही नाही. फक्त इथल्या हं! वारा समुद्राकडे असेल तर भट्टी ओकत असतानाही कागद कोराच निघतो.

रीडिंगचा ग्राफही बोलतो. भट्टीतून बाहेर पडणारं किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे नवीन भर पडत नसेल तर रेषा सावकाश उतरत जाते. मध्येच उंचवटा आला की काळजी. पण साध्या पावसातही हवेतल्या नैसर्गिक रेडॉन वायूपासून बनलेले कण खाली येतात आणि रीडिंग उसळतं, ते दोन-तीन तासांत उतरतं, तेवढं थांबून बघावं लागतं.

आणि घाई तर नकोच. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत २६ एप्रिल १९८६ ला स्फोट झाल्यानंतर उत्सर्जन काही दिवस कमी होत गेलं, १ मेला जवळच्या कीव शहरात परेडसुद्धा झाली, आणि मग उत्सर्जन परत वाढलं, ते थेट ६ मेच्या सुमारास एकदम खाली आलं. म्हणून बाहेरच्या मीटरबरोबर भट्टीच्या आतलं पाणी, दाब, तापमानही बघायचं असतं, आणि फुकुशिमात नेमकी वीजच गेल्याने आतले बरेच काटे बंद पडले होते.

उशीरही चालत नाही. बाहेरची हवा घरात हळूहळू शिरते आणि तशीच हळूहळू बाहेर पडते, त्यामुळे ढग गेल्यावर आतलीच हवा जास्त खराब असू शकते, तेव्हा खिडक्या उघडाव्याच लागतात.