सर्व्हिस टास्कमधलं डिपेंडन्सी इंजेक्शन

वर्कफ्लो इंजिनमध्ये (कामाच्या पायऱ्या ठरलेल्या क्रमाने चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोसेसचा फ्लो बीपीएमएन (प्रोसेस काढायची प्रमाणित चित्रपद्धत) डायग्राममध्ये काढलेला असतो, आणि त्यातली जी पायरी माणूस नाही तर कोड करतो ती सर्व्हिस टास्क. या कोडला डेटाबेस रिपॉझिटरी, मेल क्लायंट वगैरे जे लागतं ते त्याने स्वतः तयार न करता बाहेरून मिळणं म्हणजे डिपेंडन्सी इंजेक्शन. हे नाव मार्टिन फाउलरच्या 2004 च्या लेखामुळे रूढ झालं.

अ‍ॅक्टिव्हिटी नावाचं जावा वर्कफ्लो इंजिन, त्यातून 2013 मध्ये वेगळं झालेलं कॅमुंडा आणि 2016 मध्ये वेगळं झालेलं फ्लोएबल, तिन्हीकडे गोष्ट साधारण सारखीच. टास्कवर क्लासचं नाव लिहिलं की इंजिन सहसा रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून क्लास शोधून, त्या क्लासचा ऑब्जेक्ट स्वतःच बनवतं, स्प्रिंगला (ऑब्जेक्ट बनवून त्यांना डिपेंडन्सी पुरवणारं जावा फ्रेमवर्क) त्याचा पत्ताच नसतो, म्हणून ऑटोवायर्ड (इथे डिपेंडन्सी भर, अशी स्प्रिंगला खूण) लिहिलेलं फील्ड नल, म्हणजे रिकामं, राहतं आणि टास्क चालताना नल पॉइंटर एक्सेप्शन येतो. नवीन माणूस इथे हमखास अडकतो, कारण क्लासवर कंपोनंट (हा क्लास स्प्रिंगने सांभाळावा अशी खूण) लिहिलेलं दिसत असतं आणि चूक कुठेच सापडत नाही. खरा प्रश्न एकच, ऑब्जेक्ट कोणी बनवला? त्यावर उपाय डेलिगेट एक्स्प्रेशन, म्हणजे डॉलर आणि महिरपी कंसात बीनचं, म्हणजे स्प्रिंगने बनवलेल्या ऑब्जेक्टचं, नाव द्यायचं, मग इंजिन तयार बीन स्प्रिंगच्या कंटेनरकडून मागून घेतं आणि सगळ्या डिपेंडन्सी जागेवर असतात. नुसती एक्स्प्रेशन वापरली तर बीनची कुठलीही मेथड थेट बोलावता येते, जावा डेलिगेट इंटरफेस (टास्कच्या क्लासने एरवी पाळायचा इंजिनचा साचा) पण लागत नाही.

फील्ड इंजेक्शन ही वेगळी गोष्ट, नावामुळे फार गोंधळ होतो. त्यात डायग्राममध्ये लिहिलेली किंमत डेलिगेटच्या, म्हणजे टास्क चालवणाऱ्या ऑब्जेक्टच्या, फील्डमध्ये जाते. पण स्प्रिंगचं बीन डिफॉल्टने सिंगलटन, म्हणजे सगळ्यांसाठी एकच ऑब्जेक्ट, त्यामुळे दोन थ्रेड (समांतर चालणारी कामं) एकाच वेळी आले तर एकाची किंमत दुसऱ्याने पुसलेली असू शकते, आणि टेस्टमध्ये हे दिसत नाही, लोड आल्यावरच दिसतं! तिथे बीनचा स्कोप प्रोटोटाइप (दर वेळी नवा ऑब्जेक्ट) ठेवावा, किंवा मला विचाराल तर फील्ड टाळून इनपुट व्हेरिएबल वापरावं.

बीनचं नाव बदलताना पण जपून, कारण आधी सुरू झालेले प्रोसेसचे इन्स्टन्स जुन्या व्हर्जनच्या डायग्रामवरच चालतात आणि त्यात जुनंच नाव असतं.

कॅमुंडा 8 मध्ये काम जॉब वर्कर करतो, तो इंजिनच्या बाहेरचं साधं अ‍ॅप्लिकेशन असतो, त्यामुळे ऑब्जेक्ट बनवण्यात इंजिनचा हातच नसतो.