आशा आणि अश्रू : नाशिकच्या ख्रिस्ती घरांतील एका वचनाची पार्श्वभूमी

नाशिकच्या ख्रिस्ती घरात मृत्यू झाला, की मातीच्या वेळी एक वचन हटकून वाचले जाते. येशूचा प्रेषित पौल याने इ.स. ५०च्या सुमारास ग्रीसमधील थेस्सलनीके शहराच्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील हे तेरावे वचन आहे. झोपी गेलेल्यांविषयी, ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखे तुम्ही दुःख करू नये, असा त्याचा आशय आहे. दफनभूमीतून घरी परतेपर्यंत मात्र त्यातील मधले शब्द गळून पडतात आणि ‘दुःख करू नये’ एवढेच उरते. मग ज्या स्त्रीचा नवरा तासाभरापूर्वी मातीआड झाला, तिला डोळे पुसायला सांगितले जाते आणि तिचे रडणे हे विश्वास डळमळल्याचे लक्षण मानले जाते. ही समजूत कोठून आली, हे पाहण्यासाठी शरणपुरापर्यंत मागे जावे लागते.

एका इंग्लिश प्रोटेस्टंट मिशनने नाशिकमध्ये १८३२ साली काम सुरू केले आणि १८५०च्या दशकात शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. नाव अर्थपूर्ण होते. भावकीने टाकलेल्यांना तेथे शरण मिळत असे. धर्मांतर केलेल्या माणसाचे घर आणि जात या गोष्टींबरोबर आणखी एक गोष्ट सुटत होती, ती म्हणजे शोकाची रीत. गोदाकाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांचा दहावा होई, पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाई, तेराव्याला माणसे जेवायला बसत, सुतकाच्या दिवसांत घरातील माणसाला कोणी कामाला लावत नसे. यामागची धर्मकल्पना नव्या विश्वासात बसत नव्हती, त्यामुळे हे विधी सुटणे अटळ होते. परंतु त्यांच्याबरोबर दुःख करण्यासाठी मिळणारे तेरा दिवसही गेले, आणि त्यांच्या जागी तेवढा अवकाश देणारे काही आले नाही. मृताचे गुण सांगत हेल काढून रडण्याची बायकांची पद्धत मिशनच्या शिस्तीत अशोभनीय ठरली.

त्या जागी जी उपासना आली, ती १६६२च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातील होती आणि गुंत्याचे मूळ तिच्यातच आहे. तिच्या अखेरच्या प्रार्थनेत पौलाचे हेच वचन गुंफलेले आहे. आशा नसलेल्या माणसांप्रमाणे खिन्न होऊ नये हे प्रेषिताने शिकवले, याचे तेथे स्मरण केले जाते. शेजारच्याच प्रार्थनेत, या बांधवाला पापी जगाच्या हालअपेष्टांतून सोडवले म्हणून देवाचे मनःपूर्वक आभार मानले आहेत. म्हाताऱ्या, दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाच्या कबरेपाशी हे आभार समजू शकतात. पटकीने दोन दिवसांत गेलेल्या लेकराच्या आईने ते कसे मानायचे? मराठी मंडळ्यांत रूढ झालेली उपकारस्तुतीची भाषा ही माझ्या मते याच परंपरेतून आली आहे, आणि ती अनेकदा फार लवकर, कबरेची माती ओली असतानाच बोलली जाते.

मूळ वाक्यात मात्र तुलना आहे, मनाई नाही. ‘इतरांसारखे’ हा शब्द काढला, तर वाक्याचा अर्थच उलटतो. पौल ज्यांना लिहीत होता त्यांची अडचण वेगळी होती. प्रभू लवकरच परत येणार या अपेक्षेने ते जगत होते आणि त्याआधी मरण पावलेली आपली माणसे मागे राहतील, अशी त्यांना भीती होती. पौलाने ती भीती दूर केली. अश्रूंबद्दल तो तेथे काहीही बोलत नाही. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने पंधरा-सोळा शतकांपूर्वी याच वचनावर प्रवचन करताना, आपण दुःख करतो, पण आशेसह करतो, असाच अर्थ लावला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात मित्र लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडतो, आणि तेही त्याला उठवणार असल्याचे माहीत असताना. बायबलमधील सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ सर्वांना पाठ असते. दोनच अध्यायांनंतर तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, ते सहसा वाचले जात नाही.

या उपासनेने बळही दिले, हेही नोंदवले पाहिजे. अरबी समुद्रातील गुलामवाहू जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले शरणपूरच्या आश्रमात वाढली. त्यांच्यापैकी एक तरुण मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या आफ्रिकेतील अखेरच्या प्रवासात त्याच्याबरोबर होता. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले गेले, तेव्हा दफनविधी या नाशिकच्या विद्यार्थ्यानेच वाचला. त्यानंतर तो आणि त्याचे सोबती मृतदेह घेऊन समुद्रकिनाऱ्यापर्यंत कित्येक महिने चालत गेले. आपल्या माणसांतून लहानपणीच तोडल्या गेलेल्या त्या तरुणाच्या ओठांवर ‘पुनरुत्थानाची खात्रीची आशा’ हे शब्द होते. हा प्रसंग नाशिकच्या मंडळ्यांत अधिक सांगितला जायला हवा.

कॅथलिक घरांची वाट थोडी वेगळी आहे. मृतांसाठी प्रार्थना त्यांनी सोडली नाही. इंग्लिश प्रार्थनापुस्तकातून मात्र ती १५५२ साली काढली गेली. म्हणून मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, एका कॅथलिक घरात मेणबत्त्या व झेंडू घेऊन कबरेवर जातात, तर शेजारच्या प्रोटेस्टंट घराला या दिवशी काही करायचे नसते. १९६९च्या सुधारित कॅथलिक अंत्यविधीत भयाऐवजी पुनरुत्थानाच्या आशेला पुढे आणले गेले. दहनाची कॅथलिक बंदी १९६३ साली सैल झाली, पण अस्थी विखुरण्यास व्हॅटिकनच्या २०१६च्या सूचनेने नकार दिला. अस्थिविसर्जनाच्या रामकुंडाच्या गावात हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही. प्रोटेस्टंट बाजूला १९७० साली नागपुरात अनेक मंडळ्यांचे एकीकरण झाले. आता पत्रिकांवर ‘ख्रिस्तवासी’ आणि ‘प्रभूमध्ये निजले’ असे छापले जाते, सांत्वनसभा होतात, काही घरांत चाळिसाव्या दिवशी प्रार्थना ठेवतात. गमावलेले तेरा दिवस अशा रीतीने वेगळ्या नावाने थोडेफार परत आले आहेत.

२०२० आणि २०२१ या वर्षांनी तेही हिरावले. मातीला वीसच माणसांची मुभा होती, पेटी उघडता येत नव्हती, सांत्वनसभा फोनवर होत होत्या. त्याच सुमारास, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात दीर्घकाळ चालणाऱ्या शोकविकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. तीव्र शोक सहा महिन्यांहून अधिक टिकून रोजचे जगणे अशक्य करत असेल, तर त्याचा विचार करावा असे त्यात म्हटले आहे. सहा महिन्यांनंतरही ज्या आईला चूल पेटवणे जमत नाही, तिच्यासमोर ते तेरावे वचन वाचायचे असेल, तर ते पूर्ण वाचावे लागेल, आणि तिच्याबरोबर डॉक्टरकडेही जावे लागेल.